रिकामे सेल

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉपमध्ये एक चार्ट घेऊन गेलो होतो. बाबांनी आता माग बंद करावा, हे त्यांना पटवायचं होतं. तोंडी सांगून चार वर्षं झाली होती. म्हटलं, यावेळी आकडे बोलतील.

आमचं गाव आंधळगाव, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं. कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं. घरात दोन माग होते, एक बाबांचा, एक काकांचा. कोणत्या महिन्यात किती मीटर कापड उतरलं, हे बाबा एका लांबट वहीत लिहीत. 2011 ते 2019 पर्यंतच्या वह्यांचे फोटो मी चुलतभावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले आणि पुण्यात बसून दोन रविवारी सगळं एक्सेलमध्ये भरलं. मग एरिया चार्ट काढला. साधी रेषा खाली येताना दिसते, पण तिच्याखाली रंग भरला की घट डोळ्यांत भरते. मला तेच हवं होतं.

एरिया चार्ट दिसतो सोपा, पण त्याच्या खोडी बऱ्याच आहेत. साधा प्रकार निवडला तर पुढची सिरीज मागचीला झाकते. बाबांच्या निळ्या डोंगरामागे काकांचा माग गायबच झाला. रंगाची ट्रान्सपरन्सी चाळीस टक्के केली तर दोन्ही दिसतात, पण जिथे एकावर एक येतात तिथे तिसराच रंग तयार होतो आणि पाहणारा विचारतो, हे काय आहे? मग स्टॅक्ड केला. त्यात वेगळी गंमत. वरचा थर खालच्याच्या पाठीवर बसलेला असतो. काकांचं कापड वर्षभर सारखंच निघालं असलं, तरी बाबांचं कमी झालं की काकांची वरची कडही खाली येते. म्हणून जी सिरीज स्थिर, ती तळाला ठेवायची. काकांना खाली घेतलं. आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये 'ऑन टिक मार्क्स' केलं, म्हणजे दोन्ही टोकांची पांढरी फट जाते. उभा अक्ष शून्यापासूनच ठेवला, कारण रंग भरला की माणूस उंची नाही, क्षेत्रफळ वाचतो. तळ कापला तर ते वाचन खोटं ठरतं.

एवढी काळजी घेणारा मी एका गोष्टीकडे बघितलंच नाही. जून 2016 ते जानेवारी 2017 असे आठ महिने वहीत काहीच नव्हतं. ते सेल मी रिकामे सोडले. एक्सेलने एरिया चार्टमध्ये ते शून्य धरले. दोन्ही थर सरळ जमिनीवर आले आणि आठ महिन्यांनी पुन्हा उठले. मधे पांढरी दरी. मला ती आवडलीच. तेव्हा बाबा आजारी होते. म्हणजे आठ महिने माग बंद राहिला तरी घर चाललंच की. माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी चार्ट दाखवला. बाबा काही बोलले नाहीत. आईने चष्मा लावला, स्क्रीनजवळ आली आणि त्या दरीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"बाबा आजारी होते ना. माग बंद होता तेव्हाचं."

"कोण म्हणते बंद होता? तुझे बाबा पलंगावर, काका नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्यात. मागावर मी अन् तुझी काकू बसत होतो. लिहिणं बंद होतं रे, माग कुठं बंद होता?"

मी त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. मेसचे पैसे एकाही महिन्यात चुकले नव्हते. ते कुठून येतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, आणि चार्ट काढतानाही पडला नाही.

किती मीटर विणलं, हे दोघींना आठवत नाही. माल घेणारे आता धंद्यात नाहीत. रात्री मी 'हिडन अँड एम्प्टी सेल्स' उघडलं. तिथे रिकाम्या जागा रेषेने जोडायचा पर्याय असतो. तो निवडला की मे आणि फेब्रुवारीच्या मधे छान सपाट रंग पसरतो, जणू काही झालंच नाही. शून्य म्हणत होतं, काम झालं नाही. ही रेषा म्हणत होती, सगळं नेहमीसारखं होतं. दोन्ही खोटं.

एरिया चार्टची सुरुवात शोधत गेलं तर विल्यम प्लेफेअरपर्यंत पोहोचता येतं. 1786 च्या त्याच्या 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस'मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या दोन रेषा आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत रंग. पण स्कॉटलंडचा व्यापार दाखवायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. त्याने रेषा ओढली नाही, आडव्या पट्ट्या काढल्या. आज ज्याला आपण बार चार्ट म्हणतो, त्याचा जन्म असा नसलेल्या आकड्यांतून झाला. जितकं माहीत, तितकंच काढायचं.

मीही एरिया सोडून कॉलम चार्ट घेतला. प्रत्येक महिन्याचा खांब वेगळा, शेजाऱ्याशी जोडलेला नाही. आठ महिन्यांची जागा मोकळी ठेवली आणि तिथे टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलं: 'मागावर आई आणि काकू. नोंद नाही.'

सकाळी आईला दाखवलं. तिने वाचलं आणि विचारलं, "अन् सूत?"

कोसा उकळून, मांडीवर वळून त्याचं सूत काढायचं काम आमच्याकडे बायांचं. आईच्या मांडीवरची ती घट्ट झालेली कातडी मी लहानपणापासून पाहिलीय. बाबांच्या कोणत्याच वहीत सुताचा रकाना नाही. म्हणजे माझ्या शीटमध्येही नाही. रिकामा सेल निदान विचारता येतो, की तू शून्य आहेस का? नसलेल्या कॉलमला काय विचारणार?

माग बंद करायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. बाबांचे गुडघे दुखतात, मजुरी परवडत नाही, माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण ते मी दोघांनाच विचारत होतो, चौघांना विचारायला हवं होतं. निघताना दुकानातून एक नवी वही आणून आईला दिली. ती म्हणाली, रोज कोण लिहीत बसते. मागच्या रविवारी चुलतभावाने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तीन ओळी आहेत. तारीख, किती कोसे उकळले, किती सूत निघालं.

शीटमध्ये मी एक कॉलम वाढवला आहे. त्याच्या आधीचे सगळे सेल रिकामे आहेत, आणि त्यांत मी काहीही भरलेलं नाही.