महसीर, मी आणि आईचा फोन

उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात काली आणि सरयूचा संगम आहे, पंचेश्वर. पलीकडचा काठ थेट नेपाळ! गळ टाकणाऱ्यांची पंढरीच म्हणा. इथला सोनेरी महसीर नामशेष व्हायच्या वाटेवर आहे, त्यामुळे परवाना काढा, मासा पकडा, फोटो काढा आणि लगेच सोडून द्या.

पण बाबांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम तीन महिने झालेत. ‘नॉट रीचेबल’ परवडणार नाही.

सॅटेलाइट फोनचा फंडा विसरा. सरकारी परवानगीशिवाय भारतात तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे. एसओएस पाठवणाऱ्या सॅटेलाइट मेसेंजरचंही तेच. बरं, सीमेवर मोबाइल मध्येच नेपाळचं नेटवर्क पकडतो. मग रोमिंगचा फटका, वर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. ऑटोमॅटिक टाइम बंदच ठेवा.

म्हणून आमच्या फ्रिजवर एक कागद लागलाय. त्यावर कॅम्पवाला, टॅक्सीवाला आणि लोहाघाटचं हॉटेल, तिघांचे नंबर. लोहाघाट सोडताना माझा फोन येणार. पुढे एक दिवस फोन चुकला तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही आला तर कॅम्पवाल्याला गाठायचं. आणि बाबांच्या छातीत दुखलं तर? आधी दवाखाना, मग मला निरोप. तिथून पुण्याला पोचायला मला दीड-दोन दिवस लागतील, हे आईला स्पष्ट सांगितलंय. गाडीची किल्ली मामाकडे.