आजोबांचा सुरा

कोकणातल्या आपल्या जुन्या घरांत लोखंडाची तीन पाती हमखास असत. चुलीपाशी विळी, दाराआड वाडीचा कोयता आणि भिंतीवर उंच, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, मटणाचा मोठा सुरा. आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपण सारे जाणतोच. मुलूख नारळाचा. मलिद्याच्या ताटात पोह्यांबरोबर खोवलेला नारळ हवा, चिकाच्या हलव्याला नारळाचे दूध हवे, आणि मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही म्हणून मटणाच्या रश्श्यालाही नारळाचेच दूध. तेव्हा नारळ सोलणारा कोयता आणि मटण कापणारा सुरा ही केवळ हत्यारे नव्हती. घरचा धर्म सांभाळणारी साधने होती.

आमचे कुटुंब अलिबाग तालुक्यातून मुंबईला आणि तेथून मेलबर्नला आले. ऑस्ट्रेलियात येणारा माणूस वर्णावरून पारखण्याची रीत १९७३ साली व्हिटलम सरकारने पुरती मोडीत काढली, त्यानंतर काही वर्षांनी आम्हाला येथे यावयाचे सुचले. आजोबांनी ट्रंकेत तांब्याचा हंडा, प्रार्थनेची पुस्तके आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली ही दोन पाती घातली होती. आजी म्हणाली, "अहो, तिकडे काय सुऱ्या मिळत नाहीत?" आजोबा म्हणाले, "मिळतील गं, पण त्या आपल्या नव्हेत."

आजोबांनंतर बाबांनी सुरा वापरला. बाबा गेल्यावर दोन्ही पाती गॅरेजमधल्या खोक्यात राहिली. त्यांची आठवण आम्हाला झाली ती सरकारच्या फर्मानामुळे. व्हिक्टोरिया राज्यात २८ मे २०२५ रोजी मॅशेटीच्या विक्रीवर बंदी आली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ती घरात बाळगणेही गुन्हा ठरले. २० सेंटिमीटरपेक्षा लांब धारेचे पाते म्हणजे मॅशेटी, अशी ढोबळ व्याख्या. मात्र मुळात स्वयंपाकघरासाठी घडविलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत होती. तोवर ठरावीक पोलीस ठाण्यांबाहेरच्या पेट्यांत हत्यार टाकले तर कोणी काही विचारणार नव्हते.

आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. कोयत्याची धार २७ सेंटिमीटर, सुऱ्याची २४. सुरा स्वयंपाकघरातला, त्याबद्दल शंका नव्हती. कोयत्याचे काय? थोरला मुलगा म्हणाला, "पपा, हा शेतातला आहे, पण आपल्याकडे शेत कुठे आहे?" परवाना, सवलत, अर्जविनंत्या यांचा विचार झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की ज्या शहरात तरुण पोरे अशा पात्यांनी एकमेकांवर धावली, त्या शहरात आईबापांचे भय आधी आणि आपली आठवण नंतर. ते आम्हाला पटले. कोयता जाड कापडात गुंडाळून आम्ही पेटीत टाकला. आत पडताना त्याचा आवाज झाला, तेवढाच काय तो निरोप.

अश्दोदहून आत्याचा फोन आला. ती रागावेल असे वाटले होते, पण ती इतकेच म्हणाली, "गेला तो गेला. सुरा तरी नीट करा रे. आणि चकचकीत करू नका, दुकानातला वाटेल."

हे सांगणे सोपे, करणे कठीण. सुऱ्यावर तांबडा गंज चढला होता, मुठीचे लाकूड चिरले होते आणि फटींत जुना मळ घट्ट बसला होता. इतक्या वर्षांत त्याला कोणी कोठे वापरले हे माहीत नाही, तेव्हा पुन्हा कोशेर करूनच घ्यावयाचा. येथल्या एका राबाईंना विचारले. त्यांनी नियम समजावला: उकळत्या पाण्यात घालण्यापूर्वी गंज आणि मळ पुरता निघाला पाहिजे, फटी मोकळ्या झाल्या पाहिजेत, नुसता रंग उरला तर त्याची अडचण नाही. म्हणजे आत्याचे म्हणणे आणि धर्माचे म्हणणे यांच्यामधली वाट सापडली. तांबडा गंज लोखंड खातो, तो काढावयाचा. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली काळसर झाक उलट पात्याला थोडीबहुत राखते, ती ठेवावयाची.

शेजाऱ्यांनी विजेचे ग्राइंडर देऊ केले. आम्ही नको म्हटले. लोहार पाते तापवून पाणी देतो, तेव्हा ते कडक होते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळा रंग दिसला म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास गेले आणि धारेचे पाणी उतरले असे समजावे. मग ती धार टिकत नाही. हाताने घासताना पोलाद कोमटही होत नाही.

शब्बाथ सोडून तीन रविवार काम चालले. प्रथम मुठीचे रिवेट ठोकून काढले आणि पाते मोकळे केले. मग ते व्हिनेगरमध्ये ठेवून तासातासाने पाहिले. रात्रभर ठेवले तर आम्ल चांगल्या लोखंडालाही खाते. गंज सुटल्यावर तारेच्या ब्रशने घासले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले आणि लगेच कोरडे केले. नंतर सपाट लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासणे सुरू केले. आधी १२० नंबर, मग २४०, ४०० आणि शेवटी ६००. प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. पाते फळीला आवळून, धार आपल्यापासून दूर ठेवून हे करावे. धार बोथट असली तरी ती धार आहे हे विसरू नये.

पात्याच्या मुळाशी लोहाराने ठोकलेली तीन टिंबे होती. त्या लोहाराचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. तेथे आम्ही पेपर लावला नाही, टाचणीने कोरून गंज काढला. पाठीजवळच्या खळग्यांचेही तसेच केले. ते खळगे सपाट होईतो घासले असते तर पाते अर्धे झाले असते.

पाते मोठ्या हंड्यात उकळत्या पाण्यात बुडवून काढले आणि गार पाण्याने धुतले. हा तोच ट्रंकेतला हंडा, हे सांगितलेच पाहिजे. मूठ मात्र नवी: मरे नदीकाठच्या रेड गमचे तांबूस लाकूड आम्ही रंध्याने आणि कानशीने हाताच्या मापाचे केले, पितळी रिवेट ठोकले आणि जवसाचे तेल मुरविले. येथे एक सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

धार अखेरीस. पाते पाच सेंटिमीटर रुंद. वीस अंशांचा कोन साधण्यास पाठ दगडापासून सुमारे १.७ सेंटिमीटर उचलावी, म्हणजे अंगठ्याच्या जाडीएवढी. ओल्या दगडावर एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बारीक कोर बोटाला लागते. ती लागली की बाजू बदलावी. मुंबईत हे काम धारवाला दारात येऊन करी आणि आपण गप्पा मारीत उभे असू. येथे ते धाकट्या मुलीने केले. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. पण कोर बोटाला कशी लागते हे तिला आमच्या आधी कळले.

पात्याला खोबरेल तेल लावून ठेवतो. मेलबर्नच्या थंडीत ते थिजते, तेव्हा बाटली हातात धरून ऊब द्यावी लागते. सुरा आता कुलपाच्या कपाटात असतो आणि सणासुदीला मटणासाठी बाहेर येतो. आत्याला फोटो पाठविला. तिने विचारले, "मूठ कसली रे?" आम्ही झाडाचे नाव सांगितले. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "बरं आहे. पातं तिकडचं, मूठ इकडची. तुम्ही तरी वेगळे काय आहात?"

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये असे एखादे पाते पडले असेल त्यांनी आपल्या राज्याचा कायदा आधी पाहावा, मग ते उघडावे. आणि ते कोणी, कोठून आणले हे ज्यांना आठवते, ती वडीलधारी माणसे अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. गंज व्हिनेगरने निघतो. लोहाराचे नाव मात्र विचारल्यावाचून मिळत नाही.