किल्ली कोणाकडे?

मुलांनो, आज आधी एक गणित घालते. 'बाईंना दुसरं काय सुचणार!' असं म्हणू नका, कारण गणित अगदी सोपं आहे. अकरा माणसं आहेत आणि चार केबिन आहेत. दोन केबिनमध्ये चार-चार जणांची सोय आहे आणि दोनमध्ये दोन-दोन जणांची. म्हणजे जागा बारा. मग अकरा जणांना कसं झोपवाल?

'एक जागा उरेल,' असं तुम्ही चटकन सांगाल. बरोबर! पण थांबा, आता ही अकरा माणसं कोण ते ऐका. एक आजी, वय शहात्तर. मी, आमचे हे आणि तिसरीतली आमची चिमणी. धाकटे दीर, जाऊबाई, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. थोरल्या नणंदबाई, त्यांचे यजमान आणि तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची. चार जणांच्या केबिनमधल्या दोन जागा वर, शिडी चढून जायच्या. आजी शिडी चढू शकत नाही. तिला रात्री दोनदा तरी उठावं लागतं आणि झोपताना ती कानातलं ऐकायचं यंत्र काढून ठेवते. आता सोडवा पाहू गणित!

२०२३ च्या दिवाळीनंतर हे गणित आमच्या घरी चांगलं महिनाभर चाललं होतं. नाताळच्या सुटीत सगळ्यांनी मिळून मुंबईहून गोव्याला बोटीने जायचं ठरलं होतं. बॅलार्ड पिअरला चढायचं, रात्रभर समुद्रात आणि सकाळी मुरगाव बंदर. आजीने तरुणपणी कोकणच्या आगबोटीतून प्रवास केला होता. तेव्हा डेकवर सतरंजी पसरायची, उशाला ट्रंक घ्यायची की झाली व्यवस्था! पण आताच्या पर्यटक बोटी म्हणजे पाण्यावरची हॉटेलंच. तिथे कोण कुठल्या केबिनमध्ये ते नाव, वय आणि ओळखपत्रासकट आधी कळवावं लागतं.

आपल्याकडे लग्नघरी काय करतात? एका खोलीत सतरंज्या अंथरायच्या आणि बारा जणांनी दाटीवाटीने झोपायचं. तेराव्यालाही कोणी 'नाही' म्हणत नाही. बोटीवर मात्र चारच्या केबिनमध्ये पाचवा माणूस चालत नाही. त्याचं कारण फार मोठं आहे, बरं का!

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीव वाचवायच्या लहान नौकांमध्ये जागा होती फक्त १,१७८ जणांना. दीड हजाराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये अनेक देशांनी मिळून समुद्रावरच्या सुरक्षिततेचे नियम केले. तेव्हापासून ते वेळोवेळी सुधारत आले आहेत. बोटीवर माणसं किती आणि त्यांच्यासाठी जीव वाचवायची साधनं किती, याचा हिशेब पक्का असावा लागतो. म्हणून खाट मोजायची ती नुसती झोपण्यासाठी नाही!

तर आमचा पहिला हिशेब असा झाला. दिरांचे चौघे एका केबिनमध्ये. आम्ही तिघं आणि भाची दुसरीत. नणंदबाई आणि यजमान तिसरीत. उरली चौथी, ती आजीला एकटीला. सगळे म्हणाले, "वा, आजीची चैन आहे!" कागदावर उत्तर अगदी बरोबर होतं. पण डोलत्या बोटीत रात्री आजी उठली आणि तोल गेला तर? हाक मारली तर ऐकणार कोण?

मग पुतण्या पुढे सरसावला. "काकू, मी आणि ताई दोघं एका केबिनमध्ये राहतो. आजी येऊ दे तुमच्याकडे. मी काही आता लहान नाही!" त्याची योजना वाईट नव्हती. आमच्या केबिनमध्ये खालची एक खाट आजीला देता आली असती. पण तिकिटं काढून देणाऱ्यांनी सांगितलं, की मुलं ज्या केबिनमध्ये असतील तिथे एक मोठं माणूस हवंच. पुतण्याचा चेहरा पडला. "आमच्यावर विश्वासच नाही कोणाचा!" असं म्हणून तो दोन दिवस फुरंगटून बसला.

दोस्तांनो, तुम्हालाही त्याच्यासारखं वाटलं असेल. पण विचार करा. मध्यरात्री धोक्याचा भोंगा वाजला, दिवे गेले, सूचना वेगळ्याच भाषेत आली, तर तिथे कुणी जाणतं हवं. पुतण्याने घड्याळाचा गजर लावला, तरी सकाळी त्याला त्याची आईच उठवते, हे मी इथे हळूच सांगून ठेवते!

हा सगळा खल चालला असताना आजी काय म्हणत होती? एकच वाक्य, "मला काय, मी कुठेही पडेन." घरात पाहुणे आले की ती हेच म्हणते, लग्नाकार्यातही हेच म्हणते. शेवटी आमच्या चिमणीनेच तिला विचारलं, "आजी, पण तुला कुठे आवडेल?"

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुठेही झोपेन गं. पण त्या खोलीची किल्ली माझ्याकडे देतील का?"

सगळे हसले. तिथे तर प्रत्येकालाच किल्ली मिळते! पण आजी हसत नव्हती. तिचं सहा महिने आमच्याकडे राहणं असतं आणि सहा महिने दिरांकडे. दोन्हीकडे ओढलं की बंद होणारं लॅचचं कुलूप. किल्ल्या आम्हा नोकरी करणाऱ्यांकडे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांकडे. आजी खाली भाजीला गेली, की दार ओढून जायचं आणि कोणी येईपर्यंत शेजारच्या काकूंकडे बसायचं. ती म्हणाली, "माझ्या माहेरी दिवसा दार लावतच नसत. रात्री अडसर घातला की झालं. तिथे किल्लीची गरजच नव्हती. इथे मला दोन-दोन घरं आहेत, पण किल्ली एकाही घराची नाही." कोणाला टोचावं म्हणून ती बोलली नव्हती. जे होतं ते साधेपणाने सांगितलं, इतकंच. तरी त्यानंतर कोणालाच हसू आलं नाही.

मग उत्तर आपोआप निघालं. दोन जणांच्या केबिनमध्ये आजी आणि भाची. दोन्ही खाटा खाली, जमिनीलगत. भाचीला सोबतीला मोठं माणूस मिळालं आणि आजीला रात्री हाकेला नात. दुसऱ्या छोट्या केबिनमध्ये नणंदबाई आणि यजमान. आम्ही तिघं एका मोठ्या केबिनमध्ये आणि दिरांचे चौघे दुसऱ्या मोठ्या. पुतण्याला वरचा बर्थ मिळाला, तेव्हा त्याचा रुसवा गेला.

आता बोटीवरच्या किल्लीची गंमत सांगते. ती पितळेची नसते. असतं एक प्लॅस्टिकचं कार्ड, आणि ते प्रत्येकाच्या नावाचं वेगळं. ते दाराला लावलं की दार उघडतं. बोटीवरून उतरताना आणि चढताना तेच यंत्राला दाखवायचं, म्हणजे कोण आत आहे आणि कोण बाहेर, याची नोंद होते. आणि तेच तुमचं पैशाचं पाकीट. सरबत घेतलं की खर्च कार्डावर चढतो आणि शेवटी बिल येतं. म्हणून मुलांच्या कार्डावरचा खर्च आईबाबांना बंद करून ठेवता येतो. (हे वाचून बालवाचकांनी नाराज होऊ नये!) पुष्कळ बोटींच्या कार्डावर केबिनचा नंबर मुद्दामच छापत नाहीत. का, सांगा पाहू? कार्ड हरवलं, तर सापडणाऱ्याला दार कुठलं ते कळू नये म्हणून.

अशा कार्डाची किल्ली पहिल्यांदा केली ती १९७० च्या दशकात, नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी. त्यात ना चुंबकाची पट्टी होती ना वीज. कार्डावर ३२ जागा होत्या आणि प्रत्येक जागी भोक तरी असायचं किंवा नसायचं. म्हणजे एका जागेचे दोन प्रकार, दोन जागांचे चार, तीन जागांचे आठ. असं ३२ वेळा दुप्पट करत जा, येतं ४,२९,४९,६७,२९६! त्या वेळी जगाची लोकसंख्याही चारशे कोटींच्या आसपास होती. जवळजवळ माणसागणिक वेगळी किल्ली! प्रवासी बदलला की कुलूपही नव्या कार्डासाठी बदलता यायचं. वही घेऊन दुप्पट करून पाहा, पान भरेल पण मजा येईल.

बोटीवर चढल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "आईच्या केबिनची एक जादा किल्ली आपल्यापैकी कुणाकडे तरी असू दे." आम्ही स्वागतकक्षात गेलो. आमचे हे बोलू लागले, तर तिथला तरुण नम्रपणे म्हणाला, "साहेब, ही केबिन आजींच्या नावावर आहे. त्यांनी सांगितलं तरच देता येईल." आणि आजीकडे वळून त्याने हिंदीत विचारलं, "माताजी, आपकी अनुमती है?"

आजीने लेकाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला द्या. ही सांभाळून ठेवील." मी काही बोलले नाही, पण ते कार्ड मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

निघण्याआधी आणखी एक काम होतं. आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं आणि संकटात काय करायचं ते शिकायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण. पूर्वी ही कवायत प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालत असे. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. मग नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. आमच्या पुतण्याने रात्रीपुरती केबिन बदलायचा बेत मनात ठेवला होता. कवायत पाहिल्यावर त्यानेच मला विचारलं, "काकू, यादीत मी एका केबिनमध्ये आणि झोपलो दुसऱ्याच, तर हे लोक मला शोधणार कुठे?" मी म्हटलं, "हे तू आईला न सांगता ओळखलंस, म्हणजे तू आता खरंच लहान नाहीस."

त्या रात्री किल्लीची परीक्षाही झाली. आईचा चार्जर परत करायला भाची अकराच्या सुमारास बाहेर आली आणि मागे दार आपोआप बंद झालं. कार्ड आत राहिलं! तिने दार वाजवलं, पण आजीचं यंत्र टेबलावर आणि आजी गाढ झोपेत. समोर लांबच लांब बोळ आणि सगळी दारं एकसारखी. घाबरायला होईल की नाही? पण भाची इकडेतिकडे भटकली नाही. आमच्या केबिनचा नंबर तिला पाठ होता. दोन दारं सोडून ती आली आणि म्हणाली, "मामी, ती दुसरी किल्ली." आम्ही हळूच दार उघडलं. आजी शांत झोपली होती. तिचं कार्ड तिने दोरा ओवून गळ्यात घातलं होतं आणि झोपेतही एक हात त्याच्यावर होता.

गोव्याहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुतण्या आमच्याकडची लॅचची किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेला. स्वतःच्या घरचीही त्याने बरोबर आणली होती. दोन्हींची जोडकिल्ली करून त्याने आजीच्या हातात ठेवली. आजीने दोन्ही किल्ल्या त्याच दोऱ्यात ओवल्या. आता ती भाजी घेऊन येते, स्वतः दार उघडते आणि आम्ही शाळेतून येईपर्यंत चहाचं आधणही ठेवते. शेजारच्या काकूंकडे अजूनही जाते, पण गप्पा मारायला.

मुलांनो, बोटीवर जाल तेव्हा जाल. पण लग्नाला, सहलीला, मामाच्या गावाला तर जातच असता. तिथे कोण कुठे झोपणार हे ठरत असेल, तेव्हा जे 'मला कुठेही चालेल' म्हणतात त्यांना एकदा नीट विचारा. तिथला खोलीचा नंबर पाठ करा. आपली जागा बदलायची असेल तर मोठ्यांना सांगूनच बदला. आणि आज संध्याकाळी एक छोटं काम करा. तुमच्या घरात माणसं किती, दाराच्या किल्ल्या किती आणि त्या कोणाकोणाकडे आहेत, ते मोजा. कोणाकडे किल्ली नसेल, तर का नाही, हे आईबाबांना विचारा.