अज्जी, इल्ली नोडु!

गेल्या एप्रिलअखेर मुलाकडे लंडनला गेले होते. सून धारवाडची. पाच वर्षांचा नातू आईशी कानडीत बोलतो, बाबांशी मराठीत. धारवाडच्या अज्जीसारखंच मलाही तो ‘अज्जी’ म्हणतो. बाजारात फाडफाड कानडी बोलणारी मी, पण इथं मात्र हट्टाला पेटले. ‘आजी म्हण रे,’ असं रोजचंच चालायचं. एका रविवारी सकाळी जरा जोरातच बोलले. पोर गप्प झालं. सून काही न बोलता उठून आत गेली.

त्याच दिवशी रिचमंड पार्कमधली ‘इझाबेला प्लँटेशन’ ही बाग पाहायला जायचं ठरलेलं. गाडीत कुणीच बोललं नाही.

या पार्कात हरणं मोकळी फिरतात. त्यांनी रोपं खाऊ नयेत म्हणून १८३१ साली इथं कुंपण घालून ओक, बीच, चेस्टनट अशी झाडं लाकडासाठी लावली. त्यांच्याच सावलीत पुढे ही बाग झाली आणि १९५३ साली ती लोकांसाठी खुली झाली. ओढ्याच्या दोन्ही काठांवर गुलाबी, जांभळी, पांढरी अझेलिया फुललेली. पानं दिसेनात इतकी फुलं! मागे उंच ऱ्होडोडेंड्रॉन. अझेलिया म्हणजे त्यांचीच धाकटी भावंडं. जपानमधल्या कुरुमेच्या पन्नास जाती अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-संग्राहकानं पश्चिमेकडे पोचवल्या. तो संग्रहही इथं आहे.

मला आमच्या ह्यांची आठवण झाली. त्यांनी उटीहून अझेलियाचं एक रोप हौसेनं आणलं होतं. मी दोन्ही वेळ बोअरचं पाणी घालायची. तरी पानं पिवळी पडत गेली आणि वर्षभरात रोप गेलं. आपणच कुठं कमी पडलो, ही रुखरुख ते गेल्यावरही राहिली.

तिथल्या माळ्याला मुलानं विचारलं. तो म्हणाला, या झाडाला आम्लधर्मी माती लागते. मुळं वरवर असतात, त्यांच्यावर पालापाचोळ्याचं पांघरूण हवं. चुन्याचं जड पाणी त्याला सोसत नाही.

म्हणजे मी कमी पडले नव्हते. जे त्याला मानवत नव्हतं, तेच मी रोज मायेनं घालत होते.

तेवढ्यात पुलावरून हाक आली, “अज्जी, इल्ली नोडु!”

“बंदे, बंदे!” मी म्हणाले.

सुनेनं वळून पाहिलं. मग मागे येऊन माझा हात धरला. म्हणाली, “सावकाश हं अत्ते, वाट ओली आहे.”

चक्क मराठीत.