रिकाम्या ॲनफिल्डवर

लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो. जावई धारवाडचा, फुटबॉलचा वेडा. २०२४ च्या सप्टेंबरात एका सकाळी त्याने आम्हा दोघांना गाडीत घातले. "बर्री अत्ती, नम्म मनी तोरस्तीनि," म्हणाला. ही 'मनी' म्हणजे लिव्हरपूल क्लबचे ॲनफिल्ड!

लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या गल्लीतून वळलो आणि स्टेडियम एकदम अंगावरच आले. त्या दिवशी सामना नव्हता, पण तिकीट काढून आत हिंडता येते. एका गोलमागच्या उतरत्या गॅलरीला 'कॉप' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवर १९०० साली लढाई झाली, तिचे हे नाव. साठ हजारांवर माणसे मावतील अशा जागी आम्ही वीस-पंचवीस जण. कुणी खोकले तरी ऐकू येत होते.

तिथे बसूनच जावयाने करोनाकाळ सांगितला. तीस वर्षांनी मिळालेला लीगचा करंडक २२ जुलै २०२० रोजी याच कॉपवर उंचावला गेला, तेव्हा समोर एकही चाहता नव्हता. एप्रिल २०१७ पासून इथे लीगचे ६८ सामने संघ हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीने १-० ने हरवले आणि घरच्या मैदानावर ओळीने सहा पराभव झाले. क्लबच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी १४४ सामने जिंकले, पाहुण्यांनी १५३.

मला वाटले, आरडाओरड्याने खेळाडूंना जोर चढत असेल. "खेळाडूंपेक्षा पंचांचे कान बघा," तो म्हणाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले होते. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. करोनाकाळात मैदाने रिकामी झाली, तशी पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डेही घटली.

आमचे हे तरुणपणी लेले मैदानावर खेळलेले. त्यांना हे पुरते पटेना. "पण व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून जायबंदी होता, त्याचं काय?" जावयाने मान डोलावली. शिवाय जून २०२० पासून मैदान जवळजवळ रिकामेच होते, तरी पहिले सहा-सात महिने संघ इथे लीगचा सामना हरला नव्हता. मलाही तेच खटकले. सगळे खापर शांततेवर फोडता येणार नाही.

"टीव्हीवर मग कसं वाटायचं रे?" मी विचारले. वाहिन्या आधी ध्वनिमुद्रित केलेला जल्लोष वर घालत, नको असेल तर तो बंदही करता येई. लग्न जानेवारी २०२० मध्ये झाले, तो परतला, लेकीचा व्हिसा मात्र लॉकडाऊनमध्ये अडकला. सव्वा वर्ष तो इथे एकटाच होता.

"खोटा आहे हे ठाऊक होतं, अत्ती," तो म्हणाला. "पण मी तो चालूच ठेवायचो. घरात दुसरा आवाजच नव्हता."

मी काही बोलले नाही. एवढ्यात लेकीचा फोन आला, जेवायला किती वाजतील म्हणून.