मूठ पुढे करावी
रत्नागिरीहून चंडीगडला आमच्याकडे राहायला आल्यापासून मामंजी अबोल झाले होते. एकदा त्यांनी रस्त्याकडेच्या गाडिया लोहाराकडून दीडशे रुपयांचा कोयता आणला.

"घरात लहान मूल, अन् हे कशाला?" मी फटकन बोलले.

ते गप्पच. आठवडाभर गच्चीत बसून त्यांनी कच्ची मूठ काढून शिसमची बसवली, कानशीने धार लावली, तेल चोळले. मग लिंबाच्या वाळक्या फांद्या छाटून कोयता माझ्या हाती दिला.

"ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद आहे, सूनबाई. धार टिकते. म्हणूनच देताना मूठ पुढे करावी."

मला माझे शब्द आठवले. आता घरात तीन कोयते आहेत, पण माझी जीभ मात्र जपून चालते.