लंडनची वेषविद्या

लंडन पाहावयास जाणारे आपले लोक राजवाडा व संग्रहालयें पाहून परततात. त्यांनीं स्ट्रॅटफर्ड येथेंही जावें, असें आम्ही सुचवूं. २०१२ सालीं ऑलिंपिक सामने झालेल्या उद्यानांत ‘लंडन कॉलेज ऑफ फॅशन’ २०२३ पासून नांदत आहे. त्याचें मूळ शोरडिच (१९०६), बॅरेट स्ट्रीट (१९१५) व क्लॅपहॅम (१९२७) येथील मुलींच्या धंदेशिक्षणाच्या शाळांत आहे. तेथें शिवणकाम शिकवीत. आतां वस्त्रें निवडून, माणसास सजवून, प्रकाश योजून छायाचित्र कसें घडवावें, हेंही शिकवितात.

“हा काय अभ्यास?” असें पुष्कळ घरांत विचारतील. आम्हांस मात्र भरताचें नाट्यशास्त्र आठवतें. आंगिक, वाचिक व सात्त्विक यांच्या पंक्तीस त्यांत आहार्य अभिनयही बसविला आहे. पात्र बोलण्यापूर्वीं त्याचा वेष बोलतो. परंतु नाटकाचा प्रेक्षक वेषास वेष म्हणून ओळखतो. छायाचित्र पाहणारी एखादी मुलगी तेंच खरें मानून स्वतःच्या रूपास दोष देते. म्हणून या विद्येकडे वळणाऱ्या नातवंडास अडवूं नये. मात्र आपल्या चित्रानें कोणाचें मन खचेल काय, हा विचारही शिकून ये, एवढें अवश्य सांगावें.